‘शिफ्ट’ नावाचा कुणीतरी

गुरुवार, ४ जुलै

वरच्या ऑफिसातून आज एक बाई आली. वय असेल अठ्ठावीस. पाठीवर बॅग, पायात बूट, हातात खडू. म्हणाली, चार गुरुवार येणार, माहितीची आणि नेटवर्कची सुरक्षा शिकवणार. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात! जिथे पंप सुरू झाला की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही.

आधी सगळ्यांना ओळख करून द्यायला लावली. मी म्हटलं, पाणी तपासते, त्यात क्लोरीन पुरेसं आहे की नाही ते बघते, बावीस वर्षं. नटबोल्ट म्हणाला, "फिटर. चौतीस वर्षं. आणखी सत्तावीस दिवस." खिशात हात घालून नट खुळखुळवत होता, नेहमीसारखा. या महिन्याच्या एकतीसला तो निवृत्त होणार. त्याचं असं दिवस मोजणं मला आवडत नाही. पण सांगणार कुणाला.

मग त्यानेच विचारलं, "पाणी चोरणारे माहीत आहेत, पाण्याची माहिती कोण चोरतं?" सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "चोरायला कशाला हवी? बदलली तरी पुरे."

फळ्यावर तीन शब्द लिहिले. गुप्तता – ज्याने बघायचं त्यानेच बघावं. अचूकता – लिहिलंय ते कुणी गुपचूप बदललेलं नसावं. उपलब्धता – हवं तेव्हा हाताशी असावं. एवढ्यावर सगळं शास्त्र उभं आहे म्हणे. मी वहीत उतरवून घेतलं. शाळेत इतकं मन लावून कधी लिहिलं नव्हतं.

शेवटी विचारलं, कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीच उठले, प्रथमोपचाराच्या पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आत पट्टी चिकटवलेली आहे. नाव: शिफ्ट. खाली पासवर्ड. तिन्ही पाळ्यांचे सहा जण त्या एकाच नावाने आत जातो.

"म्हणजे कॉम्प्युटरच्या मते इथे शिफ्ट नावाचा एकच माणूस चोवीस तास काम करतो?" – ती.

"हो, आणि त्याला रजापण नाही," – नटबोल्ट.

मी तिचं नाव कुलूपबाई ठेवलंय. बाई गोड आहे पण डोळे बारीक करून बघते.

शुक्रवार, ५ जुलै

घरी यांना तीन शब्द सांगितले. मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "मला काय नवीन सांगतेस? तीस वर्षं कपडे शिवतोय. कुणाच्या कमरेचं माप दुसऱ्याला सांगितलंय कधी?" खरंच की! बायका खोदून खोदून विचारतात, अमकीचं माप वाढलं का हो? हे नुसते हुं करतात. ही झाली गुप्तता.

मग मी विचारलं, आणि मापाच्या वहीत कुणी गुपचूप चौतीसचे अडतीस केले तर? शिलाई थांबली. "तर मी डोळे मिटून अडतीसचं कापेन," म्हणाले. "वहीवर संशय कोण घेतं?"

दिवसभर हेच डोक्यात.

मंगळवार, ९ जुलै

नटबोल्ट दाढ काढायला गेला. बाराला गेला तो तीनला उगवला. नेमका आज क्लोरीनचा सेन्सर साफ करायचा दिवस, पंधरा दिवसांनी येणारा. काम त्याचं. पण तो नसला की मी करते, मी नसले की तो माझ्या बाटल्या भरतो. बावीस वर्षं असंच चाललंय.

स्क्रीनवर ‘होल्ड’ दाबलं, म्हणजे आकडा आहे तिथे थांबतो. नाहीतर सेन्सर पाण्याबाहेर काढला रे काढला की भोंगा बोंबलतो, आणि क्लोरीन सोडणारा पंप घाबरून भसाभसा सोडत सुटतो. सेन्सरवर केवढं शेवाळ! मऊ ब्रशने घासला, पुसला, परत बसवला. तेवढ्यात ताईचा फोन. तिने नवीन पडदे घेतलेत, रंग कोणता ते मला डोळ्यांसमोर आणायला लावलं, अर्धा तास. मोरपंखी म्हणाली, मग म्हणाली तसा अगदी मोरपंखी नाही. मग रजिस्टरमध्ये नटबोल्टची सही ठोकली. त्याच्यापेक्षा मला चांगली येते.

जेवायला उशीर झाला. डोकं दुखलं.

गुरुवार, ११ जुलै

कुलूपबाईचा दुसरा तास. तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे कसं सिद्ध कराल? तीन रस्ते सांगितले. तुम्हालाच माहीत असलेलं काही, तुमच्याजवळच असलेलं काही, किंवा तुमचं शरीर – बोट, डोळा. मी विचारलं, चेहरा सुजला तर मशीन ओळखेल का? (नटबोल्टचा गाल अजून टम्म आहे.) ती म्हणाली, चांगला प्रश्न आहे. मी उगाच लाजले.

नटबोल्ट म्हणाला, आमची सही आहे की. मग काय, मला चेव आला. खडू घेतला आणि फळ्यावर त्याची सही करून दाखवली, शेवटच्या फराट्यासकट. टाळ्या पडल्या. त्याने माझी करून दाखवली, ती मात्र कोंबडीचे पाय झाली.

कुलूपबाई हसली नाही. "मग रजिस्टरमधल्या सहीवरून काय कळतं?"

"काम झालं ते कळतं," नटबोल्ट.

"कुणी केलं?"

"आम्ही."

तिने फळ्यावर ‘आम्ही’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. मला राग आला. बावीस वर्षं आमच्या ‘आम्ही’ला कुणी नाव ठेवलेलं नाही.

शनिवार, १३ जुलै

ताईकडे गेले होते. पडदे निळे आहेत. नुसते निळे! तिची गल्ली म्हणजे आमच्या पाइपलाइनचं शेवटचं टोक, पाणी तिथे पोचेपर्यंत दमलेलं असतं. आज मात्र गेल्या गेल्या पेला पुढे केला. "पिऊन बघ. हल्ली तुमच्या पाण्याला औषधाचा वासच येत नाही. किती छान लागतं." मी प्यायले. खरंच छान होतं. इतकी वर्षं हिने पाण्याला नाकं मुरडली, आज पहिल्यांदा कौतुक. मी म्हटलं, साहेबांना सांगते.

सोमवार, १५ जुलै

एक गंमत. क्लोरीनचा आकडा हलतच नाही. शून्य पूर्णांक ऐंशी. सकाळी ऐंशी, दुपारी ऐंशी. एरवी तो ब्याऐंशी-सत्त्याहत्तर असा चुळबुळत असतो.

नटबोल्टला म्हटलं, हा आकडा इतका गुणी कधीपासून झाला? तो म्हणाला, "ओरडत नाही ना? मग झालं तर." खरं आहे. तरी मी मागची पानं चाळली. सहा दिवस सगळीकडे ऐंशी. ‘हाताने तपासलेलं’ असा एक रकाना आहे, त्यातही ऐंशीच. आता तो रकाना आम्ही कसा भरतो हे इथे लिहायला हरकत नाही. स्क्रीनवर बघून. नवीन स्क्रीन लागल्यापासून, म्हणजे वर्ष झालं. आधी मी रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन गोळी टाकायची, पाणी किती गुलाबी होतं ते रंगाच्या तक्त्याशी ताडून बघायची. आता स्क्रीन दर मिनिटाला सांगते, मग गोळ्या कशाला वाया घालवायच्या, असं सगळ्यांचंच मत पडलं. माझंसुद्धा.

बुधवार, १७ जुलै

वर कुठेतरी धो धो कोसळलाय. नदी चहासारखी झालीय. गाळणीवाले वैतागलेत. आकडा ऐंशी.

गुरुवार, १८ जुलै

तिसरा तास. आज भारी होतं. चोर कुलूप तोडत नाहीत म्हणे, गोड बोलून किल्ली मागून घेतात. फोन करतात, "मी वरच्या ऑफिसातून बोलतोय, घाई आहे, जरा पासवर्ड सांगता?" आपण मदत करायच्या नादात सांगून टाकतो. कुलूपबाईने नटबोल्टला फोनवर बोलायला लावलं, ती चोर झाली. दोन मिनिटांत त्याने पासवर्ड तर सांगितलाच, वर चहाला या म्हणाला. मी हसून हसून बेजार.

मी विचारलं, आत शिरलेला माणूस आपल्याला कळतो कसा? ती म्हणाली, "बहुतेकदा कळतच नाही. सगळं अगदी नेहमीसारखं दिसत राहतं."

हे लिहितेय तोवर भाच्याचा फोन. ताईला दवाखान्यात ठेवलंय. कालपासून उलट्या-जुलाब, आज चक्कर येऊन पडली. सलाईन लावलंय. त्यांच्या गल्लीत आणखी सहा घरांत हेच चाललंय. मी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? म्हणाला, नाही. सगळ्यांनी वेगवेगळं खाल्लंय.

सगळ्यांनी वेगवेगळं खाल्लं. मग सगळ्यांत सारखं काय?

शुक्रवार, १९ जुलै

क्रमाने लिहिते.

पावणेआठलाच पोचले. कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढलं, काचेची नळी धुतली, बाहेर जाणाऱ्या पाण्याने भरली, गोळी टाकली, हलवली. गुलाबी व्हायला हवं होतं. काहीच नाही. दुसरी नळी. तीही कोरी. गोळ्या जुन्या झाल्या असतील म्हणून बादलीभर पाण्यात क्लोरीनचा एक थेंब टाकून त्यातलं पाणी तपासलं. लगेच झक्क गुलाबी. म्हणजे गोळ्या ठीक. पाणीच कोरं.

आणि स्क्रीनवर ऐंशी.

तेव्हा मी खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले. वरच्या कोपऱ्यात तिळाएवढा ‘एच’. होल्ड! आकडा धरून ठेवलेला. सोडला. ऐंशीचे एकतीस झाले, एकतीसचे आठ. मग भोंगा असा काही सुरू झाला की पंपहाऊसमधून सगळे धावत आले. नटबोल्ट सगळ्यांत पुढे. स्क्रीनकडे बघितलं आणि खिशातला हात बाहेर काढला.

नदी गढूळ झाली तेव्हा क्लोरीन वाढायला हवं होतं. वाढणार कसं? ते सोडणाऱ्या पंपाला स्क्रीन सांगत होती, सगळं छान आहे, ऐंशी आहे. साहेबांनी हाताने क्लोरीन वाढवायला लावलं, गावभर गाडी फिरवली, पाणी उकळून प्या. दुपारपर्यंत नळी गुलाबी व्हायला लागली.

मीच साहेबांना म्हटलं, कुणीतरी बाहेरून आत शिरलंय. चोर शिरलाय, आकडा बदलून गेलाय. आणि खरं सांगायचं तर, या वहीत तरी खरंच सांगायचं, मला आत कुठेतरी मजा वाटत होती. इथे, आमच्या केंद्रात! जे फळ्यावर शिकलो ते! मग ताई आठवली, हाताला सुई टोचलेली. शरम वाटली.

साहेबांनी कुलूपबाईला फोन केला. उद्या येतेय.

शनिवार, २० जुलै

चोर नाही. बाहेरून कुणी आलंच नाही.

कुलूपबाई सुट्टी असून आली. कॉम्प्युटर स्वतःची एक रोजनिशी लिहितो, हे मला माहीतच नव्हतं. कोण आलं, किती वाजता, काय दाबलं, सगळं. तिने ती उघडली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. किती कोरडं लिहितो तो! तारीख ९ जुलै, दुपारी एक वाजून वीस मिनिटं, नाव शिफ्ट, होल्ड सुरू. त्यानंतर कालपर्यंत होल्ड बंद केल्याची एकही ओळ नाही. दहा दिवस.

"शिफ्ट म्हणजे कोण?" साहेब.

"सहापैकी कुणीही," कुलूपबाई.

साहेबांनी सेन्सरचं रजिस्टर मागवलं. नऊ जुलै, साफसफाई केली, खाली सही नटबोल्टची. साहेबांनी त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावला, बघितलं. जरा वेळ बघितलं.

"माझीच सही आहे," म्हणाला.

मला इतका संताप आला! केलं, विसरला, आणि दहा दिवस समोर ‘एच’ दिसत असून कळलं नाही? मी विचारलं, तेव्हा म्हणाला होता, ओरडत नाही ना, मग झालं तर. मी सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, माझी बहीण दवाखान्यात आहे तुमच्यामुळे. त्याने नटसुद्धा खुळखुळवले नाहीत. कुलूपबाईने मला विचारलं, त्या दिवशी तुम्ही दोघंही इथेच होतात? मी म्हटलं, हो. ते दाढेला गेले तो सोमवार होता.

साहेब म्हणाले, चौकशी होणार. एकतीसचा निरोप समारंभ रद्द. चौतीस वर्षांत त्याच्या नोकरीच्या पुस्तकात एक शेरा नाही, आता जाता जाता लाल शाईने पडणार: हलगर्जीपणा, लोकांच्या जिवाशी खेळ. पडू दे, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

रविवार, २१ जुलै

ताईला बघून आले. डोळे खोल गेलेत. म्हणाली, "मी तर मुद्दाम दोन पेले जास्त प्यायचे, छान लागतं म्हणून."

घरी येऊन ही वही उघडली. नटबोल्टचा आणखी कुठला हलगर्जीपणा लिहून ठेवलाय ते बघायचं होतं. सोमवारी साहेबांना सांगायला उपयोगी पडेल असं वाटलं. मागे मागे गेले.

मंगळवार, ९ जुलै.

नटबोल्ट दाढ काढायला गेला. बाराला गेला तो तीनला उगवला.

चार वेळा वाचलं. अक्षर माझं. एक वाजून वीस मिनिटांनी तो दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून बसला होता. होल्ड मी दाबलं. सेन्सर मी घासला. मग ताईचा फोन, पडदे. होल्ड सोडलं असं कुठेच लिहिलेलं नाही, कारण सोडलंच नाही. आणि खाली त्याची सही. तीही मीच.

मी. मी केलंय हे.

यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

सोमवार, २२ जुलै

गेले नाही साहेबांकडे. दिवसभर बाटल्या धूत बसले, धुतलेल्याच परत धुतल्या.

कुणालाच कळणार नाही. कॉम्प्युटर म्हणतो शिफ्ट. रजिस्टर म्हणतं नटबोल्ट. नटबोल्ट स्वतः म्हणतो नटबोल्ट. वेगळं सांगणारं अख्ख्या जगात हे एकच पान. पण या वहीला छापील पान क्रमांक आहेत. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा कागद फाडला तर सेहेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास येतं. आणि बघणार तरी कोण? मीच. मलाच कळेल.

नोकरीची आठ वर्षं राहिलीत माझी. धाकटीचं शिक्षण व्हायचंय. हे सगळं मनात आलं, म्हणून लिहितेय.

तो का म्हणाला माझीच सही आहे? दाढ कधी काढली हे माणूस विसरत नाही.

मंगळवार, २३ जुलै

पंधरा दिवस झाले, आज परत सेन्सरची पाळी. नटबोल्टला कंट्रोल रूममध्ये यायला बंदी आहे, तो बाहेर पंपाजवळ स्टुलावर बसून असतो, कुणाशी बोलत नाही. मीच साफ केला. होल्ड सोडलं, मग पुन्हा जाऊन बघितलं, मग पुन्हा. रजिस्टरमध्ये पहिल्यांदा माझी स्वतःची सही केली. नवख्यासारखी वाकडी आली.

दुपारी कुलूपबाईला फोन केला. म्हटलं, अभ्यासातली शंका आहे. समजा एखाद्याने काही केलं, आणि त्याचं नाव कुठेच नाही. तर?

"तर त्याला नाकारता येतं, मॅडम. म्हणूनच प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, सही ज्याची त्याची. केलेलं नाकारता येऊ नये, एवढ्यासाठीच. आपण ते चौथ्या तासाला बघणार आहोत, परवा."

मी फोन या कानाचा त्या कानाला केला. मग तिनेच विचारलं,

"की तुम्हाला आजच हवंय?"

म्हटलं, नको, चालेल परवा. फोन ठेवला. पोरगी हुशार आहे.

बुधवार, २४ जुलै

आधी ताईकडे गेले. काल घरी सोडलंय तिला. पडद्यांपाशी खुर्चीत बसली होती. उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगितलं नसतं. तुझा फोन आला आणि मी बटण सोडायला विसरले. तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्यांकडे. म्हणाली, "म्हणजे मीच फोन करून मला पाडलं." आणि रडायला लागली. मग मीही. मग म्हणाली, "तू आता जा. मला काही दिवस येऊ नकोस." गेले.

तिथून साहेबांकडे. कुलूपबाई तिथेच होती, चौकशीचे कागद घेऊन. मी म्हटलं, नऊ तारखेला होल्ड मी दाबलं. फिटर इथे नव्हते, दाढ काढायला गेले होते, सोमवार नव्हता तो. सही मी केलीय त्यांची.

साहेब वैतागले. "बाई, त्याने लेखी दिलंय मला. आता तुम्ही त्याची दया येऊन हे काहीतरी सांगताय. बावीस वर्षांची जोडी तुमची, मला काय माहीत नाही?" तोंडात मारल्यासारखं झालं. खरं सांगायला जावं आणि कुणी खरं धरूच नये! मी पिशवीतून वही काढली. पान सत्तेचाळीस. म्हटलं, फक्त एवढंच वाचा, पुढचं-मागचं नको.

साहेब म्हणाले, "खाजगी वही. ही काल रात्री लिहिली नाही कशावरून?"

कुलूपबाईने हात पुढे केला. सावकाश वाचलं. पानाचा क्रमांक बघितला, आधीचा, पुढचा. शाई बघितली. मग दवाखान्यात फोन लावून दाढेची तारीख विचारली. नऊ जुलै, साडेबाराची वेळ. म्हणाली, "सर, हे लिहिलं तेव्हा यात काही गडबड आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. यांनासुद्धा नाही. मी हे धरेन."

मग मीही तिथेच लिहून दिलं. साहेबांनी टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, त्याचा आणि माझा. शेरा आता माझ्या पुस्तकात पडणार. शिवाय महिनाभर कामावरून दूर, मग पुढचं पुढे. ठीक. पण त्याचा कागद परत करायचा म्हणाले तर नटबोल्ट घेईना. आत येऊन एवढंच बोलला, "माझा असू द्या, साहेब." आणि निघून गेला.

शहाणा समजतो स्वतःला. मोठेपणा कुणाला हवाय त्याचा? माझं ओझं उचलायला मी सांगितलं होतं? उद्या गाठते त्याला.

गुरुवार, २५ जुलै

गाठलं. पंपाजवळ. म्हटलं, खोटं लिहून का दिलंत?

"खोटं नाही, बाई. त्या दिवशी तीनला आलो तेव्हाच मला ‘एच’ दिसला होता. तोंडात कापूस, बोलता येईना. दुसऱ्या दिवशी विचारणार होतो. मग म्हटलं, तुम्ही लावलाय म्हणजे काहीतरी कारण असणार. बावीस वर्षांत तुमचं एकदा चुकलेलं बघितलं नाही मी. दहा दिवस रोज बघत होतो तो ‘एच’, आणि रोज म्हणत होतो, बाईंना माहीत असेल."